आठवलेला चित्रपट आणि पाहिलेला चित्रपट



मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणं पाहिली. क्रमाने आज शब्दप्रमाण घ्यायला हवं. पण मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, आपलं निम्मं आयुष्य आठवणींवर चालतं. मग नैयायिक स्मृतीला प्रमाण का मानत नाहीत?" मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. घरी गेल्यावर लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर ग्रंथातून देण्यापेक्षा जुन्या सिनेमातून दिलेलं बरं. त्यामुळे आजचं व्याख्यान सिनेमावर आहे. सर घसरले, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. शेवटी आपण शब्दप्रमाणाच्या दारातच येऊन उभे राहणार आहोत.

कट्ट्यावरची फजिती

आमचा एक कट्टा आहे. सात-आठ निवृत्त माणसं, रविवारी सकाळी बागेत जमतो. राजकारणावर बोलायचं नाही असा नियम आहे, कारण एकदा दोघांचं बोलणंच बंद झालं होतं. म्हणून आम्ही जुन्या सिनेमांवर बोलतो. आणि मंडळी, सांगतो, त्यावरची भांडणं राजकारणापेक्षा कडक असतात! अमुक प्रसंग मध्यंतराच्या आधी की नंतर, तो दिवाणजी झालेला नट कोण, शेवटी नायिका मागे वळून बघते की नाही. प्रत्येकाने तो चित्रपट पाहिलेला असतो आणि प्रत्येकाची खात्री असते. खात्री आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. ते मला स्वतःला कळलं ते या कट्ट्यावर.

झालं असं की शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'चा विषय निघाला. मी म्हणालो, "काय ते कृष्णधवल छायाचित्रण! छाया-प्रकाशाचा काय तो खेळ!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. १९५५ सालचा तो चित्रपट टेक्निकलरमध्ये केलेला आहे. त्या काळी लोक त्याचे रंग बघायला जात होते. मी अडून बसलो. म्हणालो, मी डोळ्यांनी पाहिलाय. अहो, मला चौकटीन् चौकट आठवतेय, आणि ती काळी-पांढरी आठवतेय.

शेवटी एकाने शांतपणे विचारलं, "कुठे पाहिलात?"

मी पाहिला होता टीव्हीवर. सत्तरच्या दशकात, वाड्याच्या मालकांकडे. आणि मालकांचा टीव्ही कृष्णधवल होता. त्या काळी सगळ्यांचेच तसे होते. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ साली. त्याच पडद्यावर आम्ही 'नवरंग'सुद्धा पाहिला. नाव 'नवरंग' आणि रंग दोन!

(हशा)

आता इथे थांबू या, कारण या फजितीत पुष्कळ तत्त्वज्ञान आहे. माझी आठवण खोटी होती का? नाही. मी जे पाहिलं तेच मला आठवत होतं. त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर खरोखरच काळी-पांढरी चित्रं हलत होती. अनुभव खरा, त्याची आठवणही खरी. तरी मी जे म्हणत होतो ते साफ चूक. मग चूक शिरली कुठून?

नैयायिक काय म्हणतात

अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' तुमच्यापैकी काहींनी बी. ए.ला वाचला असेल. छोटी पुस्तिका आहे. त्यात ज्ञानाचे पहिलेच दोन भाग केलेत: स्मृती आणि अनुभव. स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून उपजणारं ज्ञान. आधी कधीतरी अनुभव आला, त्याचा मनावर ठसा राहिला, आणि तो ठसा जागा झाला की आठवण. अनुभव म्हणजे स्मृती सोडून बाकीचं सगळं ज्ञान.

आता हे बघा. प्रमाण म्हणजे आपल्याला नवं, यथार्थ ज्ञान मिळवून देणारं साधन. स्मृती नवीन काहीच देत नाही. ती उसनवार आणते. मूळ अनुभव खरा असेल तर आठवण खरी, मूळ अनुभव खोटा असेल तर आठवण खोटी. अन्नंभट्टांनी स्मृतीचेही यथार्थ आणि अयथार्थ असे दोन भाग केलेत, ते याच हिशोबाने. म्हणजे ते आठवणीला खोटारडी म्हणत नाहीत बरं का! ते एवढंच म्हणतात की ती स्वतःच्या जबाबदारीवर साक्ष देऊ शकत नाही. तिचा जामीन दुसऱ्याच कुणाकडे आहे.

माझ्या बाबतीत जामीनदार पक्का होता. पण मी आठवणीवर एक अनुमान चढवलं आणि मला ते कळलंसुद्धा नाही. 'पडद्यावर रंग नव्हते, म्हणून चित्रपटात रंग नव्हते.' मागच्या व्याख्यानातलं ओल्या सरपणाचं उदाहरण आठवा. विस्तव आहे म्हणजे धूर असणारच, असं म्हणता येत नाही, कारण मध्ये ओल्या लाकडाची अट लपलेली असते. तशीच इथेही एक अट लपली होती: पाहण्याचा संच रंग दाखवणारा हवा. आठवण निर्दोष होती. दोष तिच्या पाठीवर बसून आलेल्या अनुमानाचा होता.

आणि मंडळी, आपल्या आठवणी जवळजवळ नेहमीच असं कुणाला तरी पाठीवर घेऊन येतात. टीव्हीवर पाहिलेल्या जुन्या चित्रपटांच्या बाबतीत तर फारच. गुरुदत्तांचा 'कागज के फूल' घ्या, १९५९ सालचा. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, म्हणजे पडदा उंचीच्या दुपटीहूनही रुंद. आपला जुना टीव्ही जवळजवळ चौकोनी. एवढं रुंद चित्र त्या चौकोनात बसवायचं तर दोनच मार्ग: एकतर वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवायच्या आणि चित्र बारीक करायचं, नाहीतर दोन्ही कडा छाटायच्या. कडा छाटलेलं चित्र ज्याने पाहिलं, त्याच्या आठवणीत कडेला उभी असलेली माणसं नाहीतच. आणि आपल्या आठवणीत ती नाहीत, हेही त्याला ठाऊक नाही. जे दिसलंच नाही, त्याची उणीव आठवणीला जाणवत नाही.

'हा तोच' असं म्हणणं

आता पुढची पायरी. कट्ट्यावरून घरी आलो आणि मुलाने मला तो चित्रपट रंगीत पडद्यावर लावून दिला. पाहिला. दोन मिनिटं अगदी परका वाटला. मग एक नृत्य सुरू झालं आणि मनात आलं, अरे, हाच तो!

या 'हाच तो'ला आपल्या शास्त्रात स्वतंत्र नाव आहे: प्रत्यभिज्ञा. आपण मराठीत ओळख पटणं म्हणतो. पुस्तकातलं ठरलेलं उदाहरण असं: काशीला पाहिलेला देवदत्त बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या गावात दिसतो आणि आपण म्हणतो, हा तोच देवदत्त. यात 'हा' समोर दिसतोय आणि 'तो' आठवतोय. नैयायिक म्हणतात, ही निव्वळ स्मृती नाही; हे प्रत्यक्षच आहे, फक्त संस्काराच्या मदतीने झालेलं. वस्तू डोळ्यांसमोर आहे, म्हणून इथे नवं ज्ञान होऊ शकतं. आठवणीला जे एकटीला जमत नव्हतं, ते इथे जमतं. आपण चुकलो होतो हे कळू शकतं.

बौद्धांचा यावर मोठा आक्षेप आहे. ते म्हणतात, 'हा' आणि 'तो' एक नाहीतच. दिव्याची ज्योत बघा. रात्रभर तीच ज्योत तेवतेय असं वाटतं, पण क्षणाक्षणाला नवी ज्योत असते. सारखेपणामुळे आपण फसतो. आता सिनेमाचा विचार केला तर बौद्धांचं म्हणणं किती चपखल बसतं! बोलपटात सेकंदाला २४ चौकटी. प्रत्येक चौकट वेगळी, स्थिर. हलणारा माणूस त्यांच्यापैकी एकीतही नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने वर्गात म्हटलं होतं, "सर, सिनेमा बौद्ध आहे आणि प्रेक्षक नैयायिक." मी तिला त्या दिवशी हजेरी लावायची सूट दिली.

हा नुसता शाब्दिक खेळ नाही. १९६० साली आलेला 'मुघल-ए-आझम' बहुतेक कृष्णधवल होता, काही भागच रंगीत होता. २००४ साली तो संपूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. तो 'तोच' का? आमच्या कट्ट्यावर याचा निकाल अजून लागलेला नाही.

त्याहून अवघड उदाहरण फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चं. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांपुढे आला. चार रिळांचा चित्रपट. आज पहिलं आणि शेवटचं रीळ उरलंय असं आपण म्हणतो. पण फाळक्यांनी हीच कथा पुढे १९१७ साली पुन्हा चित्रित केली होती. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की उरलेली रिळं या दुसऱ्या चित्रपटाची आहेत. विचार करा, भारतीय चित्रपटाचा पहिला पुरावा म्हणून आपण जो दाखवतो, त्याच्याबद्दल 'हा तोच' असं छातीठोक म्हणता येत नाही. आणि १९१३ चा प्रेक्षक आता कुणी उरलेला नाही. समोर 'हा' आहे, 'तो' आठवणारा कुणी नाही. म्हणजे प्रत्यभिज्ञेला दोन्ही लागतात: टिकलेली वस्तू आणि पाहिलेला माणूस.

शनिवार-रविवारचा पडदा

इथे टीव्हीचं काम काय होतं ते सांगतो. आजच्या मुलांना ते समजावणं कठीण आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या पुण्याला ते सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे दिसायला लागलं. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी, मधल्या वारी 'छायागीत'. वाड्यात टीव्ही एक, प्रेक्षक चाळीस. मुलं पुढे सतरंजीवर, बायका मागे, पुरुष दारात उभे. मध्येच 'व्यत्यय' अशी पाटी लागायची आणि सगळे एकदम बोलायला लागायचे. तेवढ्यात कुणीतरी सांगायचं की हा चित्रपट मी प्रभात टॉकीजला लागला तेव्हा पाहिलाय, आता पुढे काय होतं बघा. आणि सगळे त्याच्यावर ओरडायचे.

त्यात सक्ती होती, हे मान्य. दुसरी वाहिनीच नव्हती. कुणीतरी वरून ठरवायचं आणि आपण बघायचं. त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्या सक्तीतून एक गोष्ट नकळत झाली. प्रभातचे चित्रपट ज्यांनी थेटरात पाहिले ती आमच्या आईवडिलांची पिढी, आणि ज्यांनी कधीच पाहिले नव्हते ती आमची पिढी, अशा दोघांनी एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत 'संत तुकाराम' पाहिला. १९३६ चा चित्रपट चाळीस वर्षांनी एकाच वेळी काहींसाठी आठवण होता आणि काहींसाठी पहिला अनुभव. सोमवारी सकाळी नळावर, कचेरीत, वर्गात त्यावर बोलायला सगळ्यांकडे तोच चित्रपट होता. वाद घालायला दोघांनी एकच गोष्ट पाहिलेली असावी लागते. ही अट आपण विसरतो. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या तर वाद होत नाही, नुसत्या गप्पा होतात.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असं समजू नका. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. पूर्वी तिच्याकडे जायचो तेव्हा दुपारी टर्नर क्लासिक मूव्हीज ही वाहिनी लावून बसायचो. १९९४ च्या एप्रिलमध्ये ती सुरू झाली. जुने चित्रपट, जाहिराती नाहीत, काटछाट नाही. आधी रॉबर्ट ऑसबर्न नावाचे गृहस्थ येऊन दोन-चार मिनिटं चित्रपटाविषयी बोलायचे, अगदी आपल्या दिवाणखान्यात बसल्यासारखे. २०१७ साली ते गेले. मुलीच्या शेजारी एक वृद्ध अमेरिकन बाई होत्या. पुढच्या महिन्याचा कार्यक्रम हातात आला की पेन्सिलीने खुणा करायच्या आणि चिडायच्या, हा चित्रपट पहाटे तीनला का लावलाय म्हणून. फोनवर मैत्रिणीशी तासभर त्यावर बोलायच्या. मला आमचा कट्टा आठवायचा.

गंमत बघा. ज्या टेड टर्नर यांनी ही वाहिनी काढली, त्यांच्यावरच त्याआधी काही वर्षं जुन्या चित्रपटांचे शौकीन आणि दिग्दर्शक संतापलेले होते. त्यांनी एमजीएमचा जुना साठा विकत घेतला आणि कृष्णधवल चित्रपट संगणकाने रंगवून टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली. जॉन ह्यूस्टनसारख्या दिग्दर्शकाने जाहीर विरोध केला. हे प्रकरण तिथल्या संसदेपर्यंत गेलं आणि १९८८ साली चित्रपट जतनाचा कायदा झाला; त्यातून दरवर्षी २५ चित्रपट राष्ट्रीय नोंदीत घ्यायची पद्धत सुरू झाली. आणि २०२३ साली याच वाहिनीतली माणसं कमी केली गेली, तेव्हा मार्टिन स्कॉर्सेसी, स्टीव्हन स्पीलबर्ग आणि पॉल थॉमस अँडरसन हे तिघे दिग्दर्शक तिच्या बाजूने उभे राहिले.

एका टीव्ही वाहिनीसाठी एवढी मोठी माणसं का धावली? मला वाटतं, कारण सरळ आहे. चित्रपट कपाटात असणं वेगळं आणि कुणीतरी निवडून, वेळ ठरवून, दोन शब्द बोलून तो लोकांपुढे मांडणं वेगळं. आज माझ्या फोनवर हजारो चित्रपट आहेत. मी 'शेजारी' बघतो त्या रात्री माझा नातू दुसरंच काही बघत असतो. निवड वाढली, यात वाईट काही नाही. पण सकाळी चहाला आमच्याकडे भांडायला काहीच नसतं.

साक्षीदार गेला तर

आतापर्यंत मी 'टिकलेली वस्तू' असं सहज म्हणत आलो. ती टिकते हे गृहीत धरू नका.

'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. काही छायाचित्रं आहेत, जाहिराती आहेत, चित्रपट नाही. त्याआधीच्या मूकपटांची गोष्ट आणखी वाईट. आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण-अपूर्ण धरून सुमारे ३० हाती उरलेत.

कुठे गेले ते? १९५० च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची असायची. ती पेट घेते, आणि एकदा पेटली की विझवता येत नाही. २००३ साली पुण्यात अशा जुन्या रिळांच्या साठ्याला आग लागली आणि जे गेलं ते गेलं. नायट्रेटनंतर आलेली अ‍ॅसिटेटची फिल्म पेटत नाही, पण आपल्या दमट हवेत कुजते. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. आणि तिसरं कारण माणसाचं. कृष्णधवल फिल्मवर चांदी असते. चित्रपट धंद्याचा राहिला नाही की रिळं चांदी काढायला जायची. म्हणजे हजारो माणसांनी टाळ्या वाजवलेला चित्रपट चमचाभर चांदीसाठी धुऊन टाकला गेला.

याच पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि पी. के. नायर नावाच्या माणसाने आयुष्यभर डबे गोळा केले. फाळक्यांची उरलेली रिळं आज आपण बघू शकतो ती त्यांच्यासारख्यांमुळे. ते १९९१ साली निवृत्त झाले, २०१६ साली गेले. त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट आहे, जरूर बघा.

हे जतन कशासाठी करायचं? पूर्वीचा काळ किती छान होता, असे उसासे टाकण्यासाठी असेल तर मला त्यात रस नाही. उलट, जुना चित्रपट जपायचा तो पूर्वीच्या काळाबद्दलच्या आपल्या गोड समजुती तपासण्यासाठी. जुने चित्रपट बघताना कधी आपल्याला वाटलं होतं त्याहून माणसं धीट निघतात, आणि कधी ज्या विनोदाला आपण लहानपणी पोट धरून हसलो, तो कुणाच्या तरी जातीवर किंवा व्यंगावर होता हे लक्षात येऊन मान खाली जाते. दोन्ही वेळा चित्रपट बदललेला नसतो. तो आपल्याविरुद्ध साक्ष देतो. आपल्याला खोटं पाडू शकणारा साक्षीदार हा फार मोलाचा असतो. आठवण आपल्याला कधीच खोटं पाडत नाही.

'कुंकू' आणि आई

आता शेवटचं सांगतो. हे थोडं घरगुती आहे.

माझी आई वडिलांची दुसरी बायको. लग्नात ती सतरा वर्षांची, वडील चौतिशीचे. वडील चांगले होते. घरात या विषयावर कधी कुणी बोललं नाही.

साधारण १९७६ साली, एका शनिवारी टीव्हीवर प्रभातचा 'कुंकू' लागला. १९३७ चा चित्रपट. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. तरुण मुलीचं फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलं जातं, आणि ती त्याला नवरा मानायला ठाम नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते. चित्रपटभर पार्श्वसंगीत नाही, फक्त घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज आणि भिंतीवरचं ते घड्याळ. शेवटी म्हाताऱ्याला आपली चूक उमगते आणि तो तिच्या वाटेतून स्वतःला दूर करतो.

आम्ही सगळे मालकांच्या माजघरात होतो. माझी थोरली बहीण, आक्का, बाळंतपणाला माहेरी आलेली होती. वडील घरीच थांबले होते. चित्रपट संपल्यावर जिना चढताना आई नायिकेबद्दल काहीतरी बोलली. एकच वाक्य. मला पक्कं आठवतं, आई म्हणाली, "फार उद्धट पोर."

चाळीस वर्षं मी हे वाक्य उराशी बाळगलं. वर्गातही सांगितलं, की बघा, परंपरा माणसाच्या मनात किती खोल जाते. जिच्यावर अन्याय झाला तीच न्याय मागणारीला उद्धट म्हणते. मुलं वहीत लिहून घ्यायची.

आई गेल्यावर काही वर्षांनी एकदा आक्काजवळ मी हे बोललो. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अरे, काय बोलतोस? आई म्हणाली होती, 'बरं केलं पोरीनं.' मी तिचा हात धरून जिना चढत होते. माझ्या कानाशी बोलली ती."

मग आम्ही दोघांनी 'कुंकू' पुन्हा पाहिला. ती सत्तरी ओलांडलेली, मी तिच्या मागोमाग. पुष्कळ गोष्टी मिटल्या. मला वाटत होतं, नायिका सारखी ओरडते. ती ओरडत नाही, बऱ्याचदा नुसती उभी राहते. आक्काला वाटत होतं, म्हातारा दुष्ट आहे; तो दुष्ट नाही, शेवटी त्याची कीव येते. चित्रपटाने आम्हा दोघांनाही दुरुस्त केलं. तो समोर होता म्हणून ते जमलं.

पण जिन्यावरचं ते वाक्य चित्रपटात नाही. त्याची रिळं कुठल्याच संग्रहालयात नाहीत. तिथे आम्हा दोघांकडे फक्त दोन संस्कार आहेत, एकमेकांविरुद्ध. चित्रपट संपल्यावर आक्का म्हणाली, "आता विचारायचं कुणाला?"

यातून मी एक गोष्ट केली. ते उदाहरण वर्गात सांगणं बंद केलं. माझी आई कोणत्या बाजूची होती हे मी चाळीस वर्षं शिकवत होतो, आणि मला ते माहीतच नव्हतं. स्मृती प्रमाण नाही, या शास्त्रवचनाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. ते आठवणीचा अपमान करत नाही. आठवणीच्या जोरावर दुसऱ्या माणसाबद्दल निकाल देऊ नकोस, एवढंच ते बजावतं.

तेव्हा ज्यांच्या घरी आई-वडील आहेत, आजी-आजोबा आहेत, त्यांना एक विनंती. एखादा जुना चित्रपट त्यांच्याबरोबर बसून बघा. आणि संपल्यावर ते काय म्हणतात ते नीट ऐका. जमलं तर त्याच रात्री लिहून ठेवा.

एक प्रश्न

*श्रोता: सर, मग आक्कांचं म्हणणं तुम्ही का मानत नाही? त्या हात धरून चालत होत्या, त्यांनी जवळून ऐकलं.*

छान. हाच प्रश्न मला हवा होता. आक्का जवळ होती, तिला खोटं बोलायचं कारण नाही, आणि ती मला फसवणार नाही. अशा माणसाला आपल्या शास्त्रात आप्त म्हणतात, आणि आप्ताचं वाक्य म्हणजे शब्दप्रमाण. पण मीही तिच्यासाठी आप्तच आहे की! दोन आप्त परस्परविरुद्ध बोलले तर काय करायचं? तेवढंच पुढच्या वेळी. तोवर मी आक्काला फोन करतो.